अर्धे शटर उघडे ठेवणाऱ्या दादांचे आभार
पाण्याने थंड होणारा संगणक पहिल्यांदाच स्वतः जोडताना मी नळीच्या जोडातली ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) तिरकी बसवली आणि पंप सुरू करताच ग्राफिक्स कार्डावर थेंब पडू लागले. आषाढातली मुसळधार संध्याकाळ होती. कॅबिनेट ताडपत्रीत गुंडाळून रिक्षाने फिरलो, तर रत्नागिरीतली बहुतेक दुकाने बंद. दुरुस्तीच्या एका दुकानाचे शटर मात्र अर्धे उघडे होते. तिथल्या दादांनी आधी मदरबोर्डावरचा नाण्यासारखा सेल काढला, आणि माझे हात थरथरताना पाहून स्क्रू मोजून बाटलीच्या झाकणात ठेवण्याचे काम मला दिले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ टूथब्रशने त्यांनी कार्ड कानाकोपऱ्यासकट पुसले आणि आपल्याकडच्या दमट हवेचा भरवसा नाही म्हणून २ दिवस पंख्याखाली ठेवले. नवी रिंग बसवल्यावर फक्त पंपाला वीज देऊन, जोडांखाली कागदी रुमाल अंथरून, रात्रभर पाणी फिरवले. रुमाल कोरडे निघाले. मी लगेच ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे, विचारले (खोड जात नाही), तेव्हा ते म्हणाले, "एका वेळी १०० मेगाहर्ट्झ वाढवा, तापमान बघा, मगच पुढे." पैसे घेतले ते केवळ रिंगेचे. नाव विचारायचे राहूनच गेले. दादा, तुमचे मनापासून आभार.