वाळवणीतले तडे

कोल्हापूर

चि. मृण्मयी हिस, अनेक आशीर्वाद.

एरोजेलच्या, म्हणजे जेलमधला द्रव काढून हवा भरलेल्या हलक्या सिलिकाच्या, सहाही वड्यांना तडे गेल्याचे तू कळवलेस आणि टीईओएसच्या, म्हणजे ज्यापासून सिलिका बनते त्या रसायनाच्या, नव्या बाटलीवर शंका घेतलीस. परंतु ओली जेल एकसंध आणि पारदर्शक होती असेही तूच लिहिले आहेस, त्यामुळे दोष रसायनात नसून वाळवणीत असावा, असे मला वाटते.

दहा नॅनोमीटर रुंदीच्या छिद्रातले पाणी उघड्यावर आटू लागले, की पृष्ठताणामुळे अडीचशेहून अधिक वातावरणांइतकी ओढ भिंतींवर पडते आणि सिलिकाचा नाजूक सांगाडा मिटत जातो. द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच उरू द्यायची नाही, ही युक्ती सॅम्युअल किस्टलर यांनी 1931 साली प्रसिद्ध केली. त्यासाठी द्रव इतका तापवून दाबायचा, की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. पाणी थेट त्या अवस्थेला नेले तर ते सिलिकाच विरघळवते, म्हणून त्यांनी आधी पाण्याच्या जागी अल्कोहोल भरले. तुझ्या पात्रात अल्कोहोलची जागा कार्बन डायऑक्साइड घेतो, आणि त्याला 31 अंश सेल्सिअस व सुमारे 73 वातावरणे पुरतात. मात्र वडीच्या गाभ्यात ते अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, मागे राहिले, तर मिश्रणाला अधिक दाब लागतो, ती सीमा पुन्हा उभी राहते आणि तडा जातो. तू जाडी दुप्पट केलीस, पण वेळ तोच ठेवलास. विसरणाचा, म्हणजे एक द्रव दुसऱ्यात आपोआप पसरण्याचा, वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, तेव्हा तो चौपट हवा होता.

मी एकदा शेवटची बस गाठण्यासाठी पात्रातला दाब सोडणारी झडप भराभर सोडली होती. इतक्या बारीक छिद्रांतून वायू सावकाशच निघतो, शिवाय पात्र थंडावून 31 अंशांखाली गेले तर आत पुन्हा द्रव तयार होतो. सकाळी झाकण काढले तेव्हा तीन आठवड्यांची मेहनत तळाशी चुरा होऊन पडली होती. त्यातला एक तुकडा काळ्या कागदावर निळसर आणि खिडकीकडे धरल्यावर पिवळसर दिसत होता. मला रडू आवरले नाही.

साध्या दाबावर वाळवू का, असे तू विचारतेस. इथल्या शिवाजी विद्यापीठात ए. व्यंकटेश्वर राव यांच्या एअर ग्लास प्रयोगशाळेने त्या वाटेवर मोलाचे काम केले आहे. भिंतींवरच्या, एकमेकांशी जुळू शकणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांच्या जागी तसे न जुळणारे मिथाइल गट बसवले, की आक्रसलेल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत आणि जेल पुन्हा फुलते. ती पद्धत जरूर शीक, पण द्रावक बदलण्याचे दिवस तिथेही वाचत नाहीत.

पुढची वडी पातळ ओत, इथेनॉल रोज ताजे घाल, आणि झडप सोडताना पात्र 40 अंशांवरच राहू दे. वडी बाहेर आली की नखाने हलकी टिचकी मार, आणि नाद कसा आला ते मला लगेच कळव.

तुझे,
बाबा