किरुनाच्या वेदीमागची राई

लुलिओ, २४ ऑगस्ट २०२५

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. मंगळवार-बुधवारी मी इथे स्वीडनच्या उत्तर टोकाला, किरुना गावात होते. ६७२ टन वजनाचं लाकडी चर्च तिथे अख्खं गाडीवर घालून पाच किलोमीटर नेलं. लोखंडाची खाण खोल जात जात गावाखाली आली, जमीन खचायला लागली, म्हणून गावच पूर्वेला सरकतंय.

माझा जीव अडकला होता आतल्या चित्रात. ते प्रिन्स यूजेन यांचं. स्वीडनच्या राजाचा सगळ्यात धाकटा मुलगा, पण आयुष्य निसर्गचित्रं काढण्यात गेलं. खाणीचे प्रमुख लुंडबोम त्यांचे मित्र. इथल्या मूळच्या सामी लोकांच्या झोपडीच्या घाटाचं हे चर्च १९१२ साली उभं राहिलं, तेव्हा वेदीमागचं चित्र यूजेन यांनी केलं. त्यात येशू नाही, क्रूस नाही. नुसती उन्हात न्हालेली राई, तीही इटलीकडची वाटावी अशी.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रागच आला होता. समोर खाणीचा एवढा डोंगर, माणसं जमिनीखाली राबतायत, आणि ह्यांना परक्या मुलखातलं ऊन सुचावं? डिसेंबर होता. तिथे तेव्हा कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही. मध्यरात्रीनंतर खाणीत सुरुंग उडाले आणि माझ्या खोलीच्या काचा थरथरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, अंधारातच, पुन्हा चर्चमध्ये गेले. पुढच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ टोपी गुडघ्यावर ठेवून त्या राईकडे बघत बसले होते. बुटांवरचं बर्फ वितळून पायाशी थारोळं साचलं, तरी हलले नाहीत. माझा राग तिथेच गेला. इथल्या माणसांना कशाची भूक आहे, हे त्या चित्रकाराला नेमकं कळलं होतं.

परवा चित्र आतच गुंडाळून ठेवलेलं होतं. लाल भिंती मुंगीच्या पावलांनी पुढे जात होत्या. बाबा, तेव्हा मला तुमची बैलगाडी आठवली. आपलं गाव उजनी धरणात गेलं, तेव्हा आजोबांनी देव पाटीत घेतले आणि पारावरच्या वडाची फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळली, एवढंच तुम्ही कधीतरी बोलला होतात. पुढचं लिहून पाठवा ना. गाडीत कोण कोण होतं? देवांची पाटी कुणाच्या मांडीवर होती? आई, बाबा टाळतील, तू त्यांना बसव.

चर्च पुन्हा उघडलं की तुम्हा दोघांना घेऊन जाईन. उन्हाळ्यात नको, डिसेंबरातच जाऊ. जाड कोट इथे घेऊन ठेवते.

तुमची,
धाकटी