अण्णांची पिशवी

चिपळूण

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज म्हणालीस, "पंख्याचा कपॅसिटर मीच बदलला, बटण बंद करून." आईने ते लगेच शेजारी सांगूनही टाकलं. माझ्या मात्र डोक्यात ते 'बटण बंद करून' अडकून बसलं. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

बटण नव्हे गं, मेन. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी वीज आणणाऱ्या फेज वायरीऐवजी परतीच्या न्यूट्रलवर टाकलेलं असतं. बटण बंद केलं की पंखा थांबतो, पण वर वायरीत वीज तशीच. भाड्याच्या घरात कुणी काय जोडून ठेवलंय, तुला काय माहीत? अण्णा आधी चालू प्लगात टेस्टर पेटतोय का बघत, मग मेन पाडत, फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात टाकत आणि मगच स्टुलावर चढत. खिशात अशासाठी, की खालून माईने "लाइट गेली वाटतं" म्हणत परत लावू नये. पाच पंख्यांचं घर, पण त्यांनी हा क्रम एकदाही मोडला नाही.

असो. कपॅसिटर २.५ मायक्रोफॅरडचाच घेतलास ना? पंखा हळू फिरत होता तर निदान बरोबर केलंस. हे अण्णांना कळलं असतं तर त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं असतं.

२२ जुलै २०२१ चा पूर तुला आठवतच असेल. वाशिष्ठी नदी ओसरल्यावर पडवीत चिखलाने माखलेले पंप नि मिक्सर रांगेने येऊन पडले. अण्णांनी सगळ्यांना एकच दम दिला : कुणीही प्लग लावून बघायचा नाही. बुडालेली मोटर बहुतेकदा पाण्याने मरत नाही, ओल्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, वीज दिल्याने जळते. चिखल वाळायच्या आत मोटर उघडायची, स्वच्छ पाण्याने धुवायची. वाळलेला गाळ फटींत घट्ट बसतो आणि ओल धरून ठेवतो. जुलैत ऊन कुठलं? म्हणून लाकडी खोक्यात शंभरचा बल्ब लावून झाकण जरा उघडं ठेवत, दोन-तीन दिवस. मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे तारेवरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने, तपासायची. आवरणाचा रोध एक मेगोहमच्या खाली आला की मोटर परत खोक्यात. बेअरिंग हाताने फिरवून खरखर लागली तर ते बदलायचं. कपॅसिटर भिजलेला असेल तर सरळ फेकायचा, वाळवत बसायचं नाही. शिलाई मशीनच्या शटलमधला गाळ रॉकेलने काढून प्रत्येक भोकात तेलाचे दोन थेंब. पैसे घेतले ते फक्त बेअरिंग-कपॅसिटरचे. ज्यांचं दुकान वाहून गेलं होतं त्यांच्याकडून तेही नाहीत. त्यावरून माई चिडली होती, पण चहा मात्र सगळ्यांना तिनेच केला.

बघ, सांगायचं होतं एक आणि भरकटलो. कपॅसिटरचंच राहिलं. मेन पाडला तरी त्यात चार्ज उरू शकतो, मोटरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तर हमखास. दोन्ही टोकांना बल्बच्या होल्डरच्या वायरी लावून तो रिकामा करायचा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

पुन्हा मास्तरकी झाली, रागावू नकोस. अण्णांच्या वर्षश्राद्धाला सगळे भांड्याकुंड्यांची वाटणी बोलत होते आणि तू कोपऱ्यातली त्यांची हत्यारांची ती खाकी पिशवी उचललीस. तेव्हा नानूसमोर मला काही बोलता आलं नाही. बरं वाटलं होतं, आणि त्याच क्षणी धास्तीही बसली होती.

घरमालकाला विचार, अर्थिंग आहे का आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पडणारा स्विच, आहे का. जास्त प्रवाह गेला की पडणारी एमसीबी वायरी वाचवते; माणूस वाचवते ती आरसीसीबी. ती नसेल तर पैसे मी पाठवतो, मालकाशी वाद घालत बसू नकोस. आणि ती लागेपर्यंत गीझर लावूच नकोस, गॅसवर पाणी तापव.

पिशवीतला टेस्टर जुना झालाय, नवा घे. लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर मात्र ठेव. त्याला अण्णांनी सायकलची ट्यूब गुंडाळली आहे, ती घामाने हात सटकू नये म्हणून. शॉक लागू नये म्हणून नव्हे.

मेन पाडलास की एक मेसेज टाक. परत लावलास की दुसरा.

तुझा,
बाबा