वळण मोजायला वीस मीटर दोरी पुरते

मा. संपादक,
स. न.

आमच्या तालुक्यातील घाटात गेल्या पंधरवड्यात दुधाचा टेम्पो उलटला. बातमीत नेहमीचेच वाक्य होते: 'चालकाचा ताबा सुटला'. टेम्पो किती वेगात होता ते चालकालाच ठाऊक, पण त्या वळणाला किती वेग झेपतो, हे तरी कुणी विचारायला हवे होते.

माझी सगळी नोकरी रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर गेली. तिथे कर्व्ह नजरेने जोखत नाहीत. बाहेरच्या रुळाच्या आतल्या अंगाला 20 मीटर दोरी ताणायची आणि मधोमध दोरी व रूळ यांतले अंतर वाचायचे. 875 मीटर त्रिज्येच्या, म्हणजे आमच्या बोलीत 'दोन डिग्री'च्या, कर्व्हला ते 57 मिलिमीटर भरते. दर 10 मीटरला असे माप घ्यायचे. एखादे मध्येच फुगले, की रूळ सरकवून कर्व्ह सारखा करायचा. बाहेरचा रूळ किती उचलायचा, तो कँटही त्रिज्या आणि वेग यांवरूनच ठरतो.

तीच दोरी रस्त्यालाही चालते. एका रविवारी भल्या पहाटे पुतण्याला लाल फडके देऊन वरच्या अंगाला उभे केले आणि बाहेरच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला दोरी लावली. मधले अंतर एक मीटर भरले. 20 मीटर दोरी असेल तर 50 ला या अंतराने भागले की त्रिज्या मिळते. म्हणजे इथे 50 मीटर. मग गवंडी वापरतात ती पाण्याची नळी धरली. सात मीटर रुंदीत बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जेमतेम 9 सेंटिमीटर उंच, म्हणजे उतार सव्वा टक्का!

ताशी किलोमीटरमधल्या वेगाच्या वर्गाला, 127 आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागायचे; हे उत्तर उतार आणि टायरची पकड यांच्या बेरजेइतके असावे लागते. पकड 0.15 धरायची, असा भारतीय रस्ते काँग्रेसचा, म्हणजे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा, संकेत आहे. या हिशोबाने वळणाचा वेग ताशी 32 किलोमीटर येतो. (33 ला गाडी लगेच उलटते असे नव्हे, पकड मुद्दाम हात राखून धरलेली असते. पण पावसात, भरल्या टेम्पोला ही सवलत कितीशी उरते?) घाटात चालतो तो कमाल 10 टक्के उतार दिला, तरी आकडा 40 च्या आतच राहतो. वळणाआधीचा फलक मात्र 50 सांगतो.

पूर्वी इथे बाहेरची बाजू चांगली उंच होती, असे जुने एसटीचालक सांगतात. डांबराचे थर चढताना आतली बाजू भरत गेली असावी, असा माझा अंदाज आहे.

सध्या त्याच वळणाशेजारी नव्या थरासाठी खडी येऊन पडली आहे. काम सुरू होण्याआधी संबंधित खात्याने त्रिज्या आणि दोन्ही कडांची उंची मोजावी, उतार त्यानुसार द्यावा आणि तोवर फलकावर 30 लिहावे. दोरी माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी