मित्रास पत्र: रिकामे हात आणि माजलेले वावर

प्रिय मित्रा,

ख्रिस्तात सलाम.

तुझे पत्र कापसाच्या वेचणीच्या गडबडीतही मनातून जात नाही. चार महिने तुझ्या हाताला काम नाही, आणि चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी तुला "जो काम करत नाही त्याने खाऊही नये" असे ऐकवले, हे वाचून मला फार वाईट वाटले, कारण प्रेषित पौलाने तसे लिहिलेच नाही. बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात तो ज्याला काम करण्याची इच्छाच नाही त्याच्याविषयी बोलतो. आणि हे लिहिणारा स्वतः तंबू करून पोट भरणारा, कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस राबणारा माणूस होता. येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही दिवस कलेपर्यंत बाजारात उभे असलेले मजूर "आम्हाला कोणी कामावर लावले नाही" एवढेच सांगतात. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. मळ्यात पाठवतो आणि पुऱ्या दिवसाची मजुरी देतो. तू त्या मजुरांपैकी आहेस.

आळस कसा असतो ते मी स्वतःत पाहिले आहे. गेल्या वर्षी पाऊस उघडून वापसा आला, जमीन कामाजोगी सुकली, तरी "उद्या डवरू" म्हणत तण काढायचे टाळून मी आठवडा घालवला. मग झड लागली आणि पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडे, गवतात दिसेनाशी झाली. जे डवऱ्याने सहज झाले असते, ते बाया लावून निंदून घ्यावे लागले. नीतिसूत्रांच्या 24व्या अध्यायातले काटेकुटे माजलेले, दगडी कुंपण ढासळलेले आळशाचे शेत मी त्या दिवशी धुऱ्यावर उभा राहून ओळखले. काटे तर उत्पत्तीच्या 3ऱ्या अध्यायात देवाने जमिनीला शाप दिला तेव्हापासून प्रत्येकाच्याच वावरात उगवतात. काम मात्र त्या शापाच्या आधीचे आहे. 2ऱ्या अध्यायातच देवाने माणसाला बागेची मशागत व राखण करायला ठेवले. म्हणून कामासाठीची तुझी तळमळ मला पवित्र वाटते.

रविवारी आमचा वेचा बंद असतो. नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही विसावा घ्यावा, असे निर्गमाच्या 34व्या अध्यायात सांगितले आहे. बोंडे फुटलेली आणि आभाळ आलेले असताना ते पाळणे जड जाते, पण पाळतो. मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, ही लेवीयातली आज्ञाही आहे, म्हणून बायांचे पैसे संध्याकाळी वजन झाल्याबरोबर देतो.

सोमवारी दुसरा वेचा सुरू होईल. वजनकाट्याजवळ बसून हिशेब लिहायला मला माणूस हवा आहे आणि तुझे अक्षर चांगले आहे. रविवारच्या एसटीने ये. मजुरी सगळ्यांसारखीच, त्याच दिवशी मिळेल.

तुझाच,
जुना सोबती