ताप मला नव्हता, बाबा

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

हे फोनवर बोलणं मला जमलं नसतं. बाबा मध्येच "अगं, पण ऐक ना" म्हणाले असते, आईने "जेवलीस का?" विचारून विषय बदलला असता आणि मी रडले असते. म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्र लिहायला बसलेय. अक्षर लागत नसेल तर दादाकडून वाचून घ्या, पण सई घरात नसताना.

परवा रात्री तिचा फोन आला. बाथरूममध्ये जाऊन कुजबुजत बोलत होती. "आत्या, उजवी नडगी दुखतेय. तीन आठवडे झाले. कुणाला सांगू नकोस." मी विचारलं, सगळी नडगी दुखते की एकाच जागी? म्हणाली, एकाच जागी, बोट टेकवलं तरी कळ येते, रात्री पडल्यावरही ठणकते. म्हटलं, मग पळतेस कशी? तर म्हणाली, "तू नाही का १०२ ताप असताना पळालीस? आणि पहिली आलीस. आजोबांनी सांगितलंय."

बाबा, रागावू नका. पण ती गोष्ट तशी घडलेली नाही. तुम्ही दोन शर्यतींची एक केलीत, वर माझ्या वाटणीला ताप दिलात. लग्नकार्यात पाहुण्यांना सांगत होतात तेव्हा मीही गालात हसून गप्प बसायचे. कौतुक कुणाला नको असतं? आता मात्र तेरा वर्षांची पोर त्या गोष्टीवर पाय टाकून पळतेय.

पहिली शर्यत धुळ्याची. २००६ चा डिसेंबर, विभागीय स्पर्धा, ३००० मीटर, म्हणजे साडेसात फेऱ्या. मी चौदा वर्षांची होते. पाचव्या फेरीत डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी मार्गाच्या कडेला बसले. पडले नाही, मुरगळलं नाही, नुसती बसले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मनाने कच्ची आहे." तुम्ही कंपनीत रजा टाकून आला होतात. परतीच्या एसटीत चांदवड येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. चांदवडला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून शेंगदाण्याची पुडी घेऊन आलात आणि सगळी माझ्या हातात दिलीत. ती पुडी मी खाल्ली नाही. का, ते आज सांगते.

सर म्हणायचे, अंगाने हलकी असशील तर पळशील. ते मी इतकं मनावर घेतलं की डब्यातल्या दोन पोळ्या रोज मैत्रिणीला द्यायचे. आई, तू पहाटे उठून लाटलेल्या पोळ्या. एकीकडे सकाळ-संध्याकाळ सराव, वाढीचं वय, आणि पोटात निम्मंच अन्न. दिवाळीपासून नाशिकच्या सिडकोतल्या आपल्या घराचा जिना चढतानाही धाप लागत होती. पाटीची पेन्सिल खाविशी वाटायची, आणि मी चोरून खात होते. आई, तू दटावायचीस, पण तो चटोरपणा नव्हता. अंगातलं लोह कमी झालं की काहींना माती, खडू, पेन्सिल असलं काहीबाही खावंसं वाटतं, हे मला पुढे कळलं.

आणि बाबा, तुम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट. त्या वेळी माझी पाळी आठ महिने बंद होती. मला तर बरंच वाटत होतं, कटकट गेली म्हणून. आईच्या लक्षात आलं आणि धुळ्याहून आल्यावर आठवड्याभरात ती मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. तुम्हाला सांगितलं, "अशक्तपणा आहे." खोटं नव्हतं ते. हिमोग्लोबिन ७.८ आलं, निदान १२ तरी हवं. डॉक्टरबाईंनी सरांसारखं मन तपासलं नाही, ताट तपासलं. काय खातेस, किती खातेस, कधी खातेस. म्हणाल्या, पोटाला पुरेसं मिळालं नाही की शरीर आधी ज्याच्यावाचून चालतं ते बंद करतं. पाळी त्यातलीच, आणि पुढे हाडंही कच्ची राहतात.

मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याची गंमत आठवते का, आई? शौचाला काळं झालं म्हणून तू घाबरून रात्री देवापुढे दिवा लावलास. गोळ्यांनी तसं होतंच, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी गंमत त्याहून मोठी. रोज सकाळी गोळी तोंडात टाकली की तू वर कपभर चहा द्यायचीस. दोन महिने रक्त जेमतेम वाढलं. बाईंनी विचारून घेतलं तेव्हा उलगडा झाला, चहाने लोह अंगी लागत नाही. तिथून पुढे गोळीबरोबर लिंबू-पाणी आणि चहा दोन तासांनी. बाबांना चहाचा हा पराक्रम अजून ठाऊक नाही.

सात महिने मी पळाले नाही. बाबा, तुमच्या गोष्टीत हे सात महिने नाहीतच. मी गोल्फ क्लबवर जायचे, जॉगिंग ट्रॅकच्या कडेला बसून बाकीच्या मुलींच्या वेळा लावायचे. माझ्यामागे असणाऱ्या मुली माझ्याच हातातल्या घड्याळावर माझ्या वेळेच्या पुढे गेल्या. अंगात ताप घेऊन पळणं सोपं असतं हो, दहा-बारा मिनिटांचा तर प्रश्न. हे घड्याळ धरून बसणं मला अजून स्वप्नात येतं.

परत सुरुवात केली ती पांडवलेण्याच्या पायथ्याशी. तुमची कंपनीत तिसरी पाळी असली की एम-एटी गाडी घरी नसायची, म्हणून पहाटे आईच सोबत यायची. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कुत्र्यांसाठी काठी. तिला फेऱ्या मोजता येत नाहीत असं तीच म्हणायची, म्हणून ओच्यात चिंचोके घेऊन बसायची. एक फेरी झाली की एक चिंचोका या मांडीवरून त्या मांडीवर. पहिल्या दिवशी दोनच चिंचोके हलले. एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं डॉक्टरबाईंनी लिहून दिलं होतं. मला लाज वाटत होती, फिरायला आलेले आजोबासुद्धा पुढे जात होते. तिसरा चिंचोका हलायला नऊ दिवस लागले.

दुसरी शर्यत २००८ ची, नाशिकमध्येच. तिथे मी दुसरी आले, पहिली नाही. आणि ताप तुम्हाला होता, बाबा. रात्रपाळी करून अंगावर १०२ ताप घेऊन तुम्ही तसेच मैदानावर आलात, कानाला मफलर, आणि शेवटच्या फेरीला तुमचा आवाजच फुटेना म्हणून हातातला हेल्मेट कुंपणाच्या जाळीवर आपटत राहिलात. तो खणखणाट मी ओळखला होता. पुढे बालेवाडीला राज्य स्पर्धेत अकरावी आले. अकरावी आल्याचं तुम्ही कुणालाच सांगत नाही, हे माझ्या लक्षात आहे.

तुम्ही सईला दत्तू भोकनळचं उदाहरण देता, बरोबरच आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी भागातला, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा २०१६ साली रिओ ऑलिंपिकला नौकानयनात तेरावा येतो आणि २०१८ ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्ण आणतो. पण विहिरीवरून तुम्ही थेट ऑलिंपिकला उडी मारता. मध्ये सैन्यात जाणं आहे, तिथे कुणीतरी पाण्यात उतरवून वल्ही हातात देणं आहे, शिकवणं आहे. नुसत्या घामाने विहीर होते, नौकानयन नाही.

कविता राऊतचंही तसंच. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला तिने कांस्य घेतलं, ते आपण चौघांनी एकत्र टीव्हीवर पाहिलं. तुम्ही खुर्चीतून उठून उभेच राहिला होतात. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूला रौप्य. प्रीजा श्रीधरनच्या मागे, पंचवीस फेऱ्यांनंतर एका सेकंदापेक्षा कमी फरकाने. लोक कविताला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणतात आणि तिचं लहानपणचं अनवाणी पळणं सांगतात. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंग सरांनी वर्षानुवर्षं करून घेतलेला सराव कुणी सांगत नाही, कारण त्याची गोष्ट होत नाही.

आता कामाचं. सईला सांगूनच हे लिहितेय. आधी नको म्हणाली, मग म्हणाली, "आजोबा चिडणार नसतील तर सांग." तेव्हा चिडू नका.

उद्यापासून तिचं पळणं बंद. मालीश नको, गरम शेक नको, पट्टी बांधून मैदानावर पाठवणं तर अजिबात नको. नडगीभर पसरलेलं दुखणं वेगळं आणि एका बोटाखालचं वेगळं. दुसऱ्यात हाडाला केसाएवढी चीर असू शकते. दादाला म्हणावं, हाडांच्या डॉक्टरकडे ने आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. सुरुवातीला एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. चीर असेल तर सहा-आठ आठवडे जातील. डॉक्टर हो म्हणाले तर तेवढे दिवस त्र्यंबक नाक्याच्या सावरकर तलावावर पोहू दे. शाळेच्या स्पर्धा बुडतील. रडेल. रडू दे.

आई, तुझ्याकडे एकच काम. ती डब्यातलं खरंच खाते का आणि तिची पाळी नियमित येते का, हे वहिनीकडून हळूच काढून घे. बाबांच्या समोर नको, असं लिहिणार होते. पण आता बाबांना सगळं माहीतच झालंय.

शनिवारी दुपारच्या एसटीने येतेय. माझे चिंचोके माळ्यावर बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात आहेत, बहुतेक किडले असतील. नसतील तर काढून ठेवा. आणि बाबा, धुळ्याची गोष्ट सईला तुम्हीच सांगा. मी सांगितली तर तिला वाटेल, आत्या समजूत घालतेय. एसटीतली शेंगदाण्याची पुडी विसरू नका.

तुमची
शुभी