थर्टी फर्स्टची रात्र आणि नावानिशी उपकारस्मरण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वृत्तपत्रांत पन्हाळा आणि रंकाळा परिसरातील बंदोबस्ताच्या, नाकाबंदीच्या व तळीराम वाहनचालकांवरील कारवाईच्या बातम्या येऊ लागतात आणि त्याच सुमारास ‘हे नववर्ष ख्रिश्चनांचे, आपले गुढीपाडव्याला’ अशा आशयाचे संदेश मोबाईलवर फिरू लागतात. पाडव्याला आमच्या घरीही शेजारून श्रीखंडाची वाटी येते, तेव्हा त्या सणाविषयी वाद घालण्याचे मला काहीच कारण नाही. परंतु त्या रात्रीचा सगळा धिंगाणा ख्रिस्ती धर्माच्या खात्यावर मांडला जातो, म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले.

मुळात 1 जानेवारीला वर्ष सुरू करावे अशी आज्ञा बायबलमध्ये कोठेही नाही. ही तारीख रोमच्या राज्यकारभारातून आली. ख्रिस्तजन्माच्या दीडशे वर्षे आधीपासून तेथील कॉन्सल म्हणजे सर्वोच्च राज्याधिकारी या दिवशी अधिकारपद स्वीकारत असत. उलट इंग्लंडसारख्या ख्रिस्ती देशात 1752 साली बदल होईपर्यंत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत होते. चर्चचे उपासनेचे वर्ष तर नाताळच्या सुमारे चार आठवडे आधी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच सुरू होऊन गेलेले असते. 1 जानेवारीला आम्हा ख्रिस्ती लोकांच्या दृष्टीने धार्मिक अर्थ आहे तो एवढाच, की नाताळपासूनचा हा आठवा दिवस आणि लूकच्या शुभवर्तमानानुसार आठव्या दिवशी बाळाचे नाव येशू असे ठेवण्यात आले.

वर्षाची शेवटची रात्र प्रार्थनेत जागवण्याची रीत प्रॉटेस्टंट मंडळ्यांत अठराव्या शतकात रुजली. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या चळवळीत तिला बळ मिळाले ते इंग्लंडमधील किंग्जवूड येथील कोळसा खाणकामगारांमुळे. पूर्वी शनिवारची रात्र गुत्त्यात घालवणारे हे कामगार तीच रात्र प्रार्थनेत घालवू लागले होते. म्हणजे ज्या रीतीचा उगमच गुत्त्याला पाठ फिरवण्यात आहे, तिच्या वाट्याला आज दारूच्या मेजवान्यांचे अपश्रेय यावे, हा अजब न्याय म्हणावा लागेल.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रेव्हरंड रॉयल वायल्डर 1852 साली आले, तेव्हापासून येथे मराठीतून प्रार्थना करणारी मंडळी उभी राहिली. आमच्याकडे 31 तारखेला रात्री उपासना असते. गीते, वचनाचे वाचन, पाळकांचा संदेश हे सर्व होतेच. पण मला त्या रात्रीचा गाभा वाटतो तो साक्षीचा, म्हणजे ज्याने त्याने उभे राहून सरत्या वर्षातील देवाचे उपकार सांगण्याचा. 2019 च्या महापुरानंतरच्या डिसेंबरात एक वयस्क बाई माईकपाशी आल्या, चष्मा काढून पदराने पुसला आणि देवाचे आभार मानता मानता गल्लीतल्या तालमीच्या पोरांची नावे एकेक करून घेऊ लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना त्या पोरांनी खुर्चीसकट उचलून होडीत ठेवले होते. मधले एक नाव आठवेना, तेव्हा मागच्या बाकावरून त्यांच्या मुलाने ते सांगितले आणि मगच त्या पुढे गेल्या. त्यांतले एकही नाव ख्रिस्ती नव्हते. देवाने सुटका केली आणि तालमीच्या पोरांनी सुटका केली, ही दोन वेगवेगळी विधाने आहेत असे त्या बाईंना वाटत नव्हते आणि माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या श्रद्धेची शिकवणही तीच आहे.

अलीकडे मात्र साक्षींचा सूर बदलला आहे, हे आमच्याच मंडळींना उद्देशून सांगितले पाहिजे. फ्लॅटचा ताबा मिळाला, मुलाला व्हिसा मिळाला, गाडी आली. हिशेबाच्या वहीत फक्त जमेची बाजू वाचून दाखवावी तसे हे आभार होऊ लागले आहेत. मिळालेल्या सुखाबद्दल देवाला धन्यवाद देण्यात गैर काही नाही. पण ते सुख ज्यांच्या हातून आले त्या माणसांची नावे त्यात येत नाहीत, आणि ज्याला यंदा काहीच मिळाले नाही तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. ज्या स्तोत्रकर्त्याने आपल्या जिवाला परमेश्वराचा एकही उपकार विसरू नको असे बजावले, त्याने उपकारांच्या यादीत आधी पापक्षमा धरली आहे. घरदार त्यात नाही. येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला परत आला तो एकटा, आणि तोही शोमरोनी, म्हणजे तेव्हाच्या यहुदी समाजाने परका मानलेला. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. वर्षअखेरीला उरलेल्या नवांत आपली गणना होत नाही ना, हे ज्याने त्याने पाहावे.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती माणसाकडे तर नावांची वाण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी या नगरीत जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली, तेव्हा ख्रिस्ती मुलांनाही त्यांत जागा होती. आजचे म्हणाल, तर 31 च्या रात्री आपण उपासनेत असताना वॉर्डात ड्यूटीवर असणाऱ्या परिचारिका आहेत, नाक्यावर थंडीत उभे असलेले पोलीस आहेत आणि 1 तारखेला पहाटे रंकाळ्याच्या काठावरच्या बाटल्या उचलणारे सफाई कामगार आहेत.

आपल्या वृत्तपत्रातून दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. शहरातील मंडळ्यांच्या पाळकांनी व पंचांनी यंदा कार्यक्रम कितीही भरगच्च असला तरी साक्षींच्या वेळेला कात्री लावू नये आणि उभे राहणाऱ्याने किमान एका माणसाचे नाव घ्यावे, असे आधीच्या रविवारीच जाहीर करावे. दुसरी विनंती चर्चच्या आसपास साउंड सिस्टीम लावणाऱ्या तरुण मंडळांना आहे. बाराच्या आधीचा अर्धा तास आवाज खाली ठेवलात तर वृद्धांच्या साक्षी आम्हाला ऐकू येतील. आणि कोणी सांगावे, तुमच्यापैकीच कोणाचे तरी नाव आत घेतले जात असेल. बारानंतर चहा असतो, करंज्याही उरलेल्या असतात. आपण अवश्य यावे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर